सोसायटीच्या तीन पायऱ्यांपासून विधानभवनापर्यंत: दिव्यांगांसाठी राज्याचा कायदा बदलून घ्यायचा तर

'दिव्यांगांसाठी कडक कायदा करावा ही विनंती' अशा एका ओळीच्या निवेदनाचे मंत्रालयात काय होते, ते ठरलेले असते. ते एका विभागाकडून दुसऱ्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' जाते, तिथून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे जाते आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडे त्याची प्रत येते. त्यात कोणी टाळाटाळ केलेली असतेच असे नाही. नेमके काय करायचे हे निवेदनात नसेल, तर टेबलावर बसलेला माणूस कागद पुढे ढकलण्यापलीकडे काही करू शकत नाही.

ही वाट पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण एकच घेऊ, म्हणजे गोंधळ होणार नाही. मुंबईतल्या असंख्य जुन्या इमारतींना लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या आहेत. व्हीलचेअरवरचा माणूस उतार मागतो, सोसायटी नाही म्हणते. यावर राज्याच्या कायद्यात तरतूद हवी असेल तर काय काय करावे लागेल?

१. आधी दार कोणाचे ते ओळखा

लोकलमधल्या दिव्यांग डब्याची तक्रार आमदाराकडे नेऊन उपयोग नाही. रेल्वे केंद्राची, तिथे खासदार. बेस्टची बस महापालिकेच्या उपक्रमाची, एसटी राज्याच्या महामंडळाची. पदपथ महापालिकेचा, पण महापालिका ज्या १८८८ च्या अधिनियमाने चालते तो बदलतो राज्याच्या विधिमंडळात. बांधकामाचे नियम विकास नियंत्रण नियमावली २०३४ मध्ये, आणि ती एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली, म्हणजे नगरविकास विभाग. गृहनिर्माण सोसायट्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली, म्हणजे सहकार विभाग.

पहिली चूक इथेच होते. विषय दिव्यांगांचा म्हणून सगळी पत्रे दिव्यांग कल्याण विभागाला जातात. हा स्वतंत्र विभाग राज्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये झाला. त्याचा पाठिंबा घ्याच, पण आपल्या तीन पायऱ्यांची नस्ती (फाइल) उघडायची आहे सहकार विभागात. ज्या विभागाचा कायदा, त्याचीच नस्ती.

केंद्राच्या कायद्याला धक्का लागतो का, तेही याच टप्प्यावर पाहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा संसदेचा कायदा. त्याच्याशी विसंगत तरतूद राज्याला सहजासहजी करता येत नाही, आणि समवर्ती सूचीतल्या विषयात केंद्राच्या कायद्याला छेद देणारे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय पुढे सरकत नाही. महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे महाराष्ट्राचे 'शक्ती' विधेयक २०२१ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले आणि राष्ट्रपतींच्या संमतीपाशी अडकले. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, म्हणून आपले उदाहरण त्यातल्या त्यात सोपे.

२. अधिनियम हवा, नियम हवा की शासन निर्णय?

नवखा माणूस थेट 'कायदा करा' म्हणतो. पुष्कळदा कायद्याची गरजच नसते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले ते २०२५ मध्ये, मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. त्यासाठी विधेयक लागले नाही.

आपल्या उदाहरणात तीन पायऱ्यांसाठी तीन पायऱ्याच आहेत:

आदर्श उपविधी. सहकार खाते सोसायट्यांसाठी नमुना उपविधी प्रसिद्ध करते. त्यात एक कलम घालणे सर्वांत सोपे, पण प्रत्येक सोसायटीने ते सर्वसाधारण सभेत स्वीकारेपर्यंत त्याला तिथे जोर नाही. जी सोसायटी उतार नाकारते, तीच उपविधीही स्वीकारत नाही.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील निदेश. लोकहितासाठी शासन सोसायट्यांना निदेश देऊ शकते. पुनर्विकासाची कार्यपद्धती २००९ आणि २०१९ मध्ये याच कलमाखाली शासन निर्णयाने आली. विधेयक न लागल्याने हे काम लवकर होते. पण असे निदेश बंधनकारक की नुसते मार्गदर्शक, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

अधिनियमात दुरुस्ती. २०१९ मध्ये या अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्याची कलमे १५४ब-१ पासून सुरू होतात. आपले कलम घालायची जागा तीच.

मागणी करताना तिसरी मागावी आणि दुसरी तोपर्यंतची सोय म्हणून मागावी. दोन्ही एकाच पत्रात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत.

३. कागद जमवा

मंत्रालयाच्या पहिल्या फेरीआधी हे हातात हवे:

- मूळ अधिनियमाची अद्ययावत प्रत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही
- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. विशेषतः कलम ३ (भेदभावाला मनाई), ४० ते ४६ (सुगम्यता) आणि ८० ते ८२ (दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांची कामे व अधिकार)
- विषयावरचे आजवरचे सर्व शासन निर्णय, संगणक संकेतांकासह (प्रत्येक निर्णयावर असणारा क्रमांक)
- नाकारलेल्या अर्जांची पाच-दहा खरी उदाहरणे. अर्जाची प्रत, सोसायटीचे उत्तर आणि संबंधितांची लेखी परवानगी
- दोन-तीन ठिकाणांची मोजमापे आणि फोटो

राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेने शोधता येते. निर्णय उघडला की आधी 'वाचा' खालची यादी पाहा. मागचे सगळे धागे तिथे असतात. मग शेवटचा परिच्छेद पाहा. 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये' असे काही तिथे लिहिलेले असते. कोणकोणत्या विभागांची सहमती लागली ते त्यावरून कळते, आणि तुमच्या प्रकरणातही बहुधा तेच विभाग येणार.

आकडेवारी जपून वापरा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. तो आकडा द्या, पण पुढे लगेच लिहा की तेव्हा आठच प्रकार मोजले होते आणि २०१६ च्या कायद्यात ते २१ आहेत. हे तुम्ही लिहिले नाही, तर समोरचा अधिकारी जुना आकडा म्हणून तो बाजूला ठेवेल. निवेदनात १९९५ च्या कायद्याचा आणि ३ टक्के आरक्षणाचा उल्लेख तर चुकूनही नको. तो कायदा रद्द झाला. नोकरीतले आरक्षण आता ४ टक्के आहे. एवढ्या एका ओळीने सगळे निवेदन जुनाट ठरते.

बाकीची माहिती माहिती अधिकारातून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. शुल्क १० रुपये, पहिल्या अपिलाला २० रुपये. 'सोसायट्यांना उताराची सक्ती का केली नाही?' असे विचारू नका. 'का' ला 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येते. 'सामाईक जागेत उतार वा उचलयंत्र बसविण्यास संस्थेने नकार दिल्याच्या, दिनांक अमुक ते अमुक या काळात आपल्या कार्यालयास आलेल्या तक्रारींची संख्या आणि त्यावर दिलेल्या आदेशांच्या प्रती' असे मागा. सहकारी संस्थांचे उपनिबंधक वॉर्डनिहाय वेगवेगळे असल्याने अर्जही तितके करावे लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण विधिमंडळात प्रश्न विचारला जातो तेव्हा याच आकड्यांवर तो उभा राहतो.

४. मागणीच्या जागी मजकूर लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. अधिकाऱ्याला तयार मजकूर मिळाला की त्याचे अर्धे काम होते, आणि चर्चा तुमच्या शब्दांवर सुरू होते. असा एक मसुदा पाहा:

'संस्थेच्या उपविधींमध्ये काहीही अंतर्भूत असले तरी, दिव्यांग सदस्याने किंवा सदनिकेत राहणाऱ्या दिव्यांग व्यक्तीने लेखी अर्ज केल्यापासून ३० दिवसांच्या आत संस्था सामाईक जागेत उतार, कठडा किंवा उचलयंत्र बसविण्यास परवानगी देईल, किंवा नकाराची कारणे लेखी कळवील. या मुदतीत निर्णय न कळविल्यास परवानगी दिली असल्याचे मानण्यात येईल.'

आता शब्द उलगडून पाहा. 'परवानगी देईल' आणि 'परवानगी देता येईल' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात सोसायटीची मर्जी. मसुदा विभागांतून फिरताना 'देईल' चे 'देता येईल' कधी होते ते कळतही नाही, म्हणून प्रत्येक फेरीत ते क्रियापद तपासायचे.

'सदनिकेत राहणाऱ्या' हे का? कारण सदस्यत्व मुलाच्या नावावर आणि व्हीलचेअरवर आई, असेच बहुतेक घरांत असते. नुसते 'दिव्यांग सदस्य' लिहिले तर आई बाहेर. भाडेकरूही बाहेर.

३० दिवसांच्या जागी 'वाजवी मुदतीत' लिहिले की पुढची सर्वसाधारण सभा हीच वाजवी मुदत ठरते, आणि ती वर्षाने येते.

उतार, कठडा 'किंवा उचलयंत्र' का, हे टेप घेऊन मोजल्यावर कळते. एक पायरी १५ सेंटिमीटरची धरली तर तिन्हींची उंची ४५. उताराचे मान एकास बारा, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला किमान ५.४ मीटर लांबीचा उतार. लहान मोटार साधारण चार मीटरची. म्हणजे पार्किंगची एक जागा पुरती जाते आणि दुसरीत थोडे घुसावे लागते. अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी ठेवायची बाजूची जागाही त्यात अडू शकते. सोसायटीच्या नकारामागे कधी आडमुठेपणा असतो, कधी हे खरेखुरे गणित. मजकुरात फक्त 'उतार' लिहिला तर अरुंद आवाराच्या इमारतींत तो कायदा पहिल्याच दिवशी अडेल. उभे उचलयंत्र, म्हणजे व्हीलचेअरसकट वर नेणारा छोटा प्लॅटफॉर्म, दीड-दोन मीटरच्या चौकोनात बसते.

नकारावर दाद कोणाकडे, किती दिवसांत, आणि खर्च कोणाचा, ही तीन वाक्ये वेगळी लिहा. खर्चाबद्दल आधी आपापसांत भांडून घ्या. अर्जदाराने करावा, सोसायटीने करावा की अर्धा-अर्धा, यावर संघटनांचे एकमत नसते आणि ते मंत्र्यांसमोर उघडे पडले तर बैठक तिथेच संपते.

मजकुराला जोडून तीन स्तंभांचा तक्ता द्या: आजची तरतूद, प्रस्तावित तरतूद, कारण. दोन पानांच्या वर जाऊ नका.

५. पैशांचे पान

वित्त विभागाला विचारावे लागेल असा प्रस्ताव आणि विचारावे लागणार नाही असा प्रस्ताव, यांच्या वेगात वर्षांचा फरक पडतो. शासनाच्या तिजोरीवर भार नसेल तर ते ठळकपणे लिहा. आपल्या उदाहरणात तो जवळजवळ नाही. भार असेल तर लाभार्थी, दर आणि वार्षिक खर्च अशी बेरीज मांडा. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असलेले विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहात विचारात घेता येत नाही. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जात असला तरी विभागांचे आकडे दिवाळीच्या आगेमागे ठरत आलेले असतात. फेब्रुवारीत पैसे मागणारा पुढच्या वर्षाच्या रांगेत उभा असतो.

६. निवेदन देणे आणि त्याचा माग काढणे

निवेदन मराठीत, एका पानाचे. मसुदा आणि तक्ता जोडपत्र म्हणून. प्रती: खात्याचे मंत्री, विभागाचे सचिव, दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव, राज्य आयुक्त. टपाल शाखेत प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का नसलेली पोच म्हणजे पोच नव्हे.

मंत्रालयात जायचे तर डिजीप्रवेश ॲपवर आधी नोंदणी करून ठेवा. आत गेल्यावर मंत्र्यांच्या दालनाबाहेर दिवस घालवण्यापेक्षा संबंधित कार्यासन, म्हणजे तुमचा विषय हाताळणारे टेबल, शोधा. सहायक कक्ष अधिकारी आणि कक्ष अधिकारी हीच टिपणी लिहिणारी माणसे. त्यांना विषय समजला तर टिपणी बरी येते.

आणि शेऱ्याबद्दल. मंत्री निवेदनावर लाल-हिरव्या शाईने 'तपासून सादर करावे' लिहितात, फोटो निघतो, समाजमाध्यमांवर 'मागणी मान्य' झळकते. तो आदेश नसतो. 'तपासून सादर करा' म्हणजे नस्ती उघडा एवढेच. दोन आठवड्यांनी कार्यासनात जाऊन विचारा: नस्ती क्रमांक काय? क्रमांक नसेल तर शेरा कागदावरच आहे.

राज्य आयुक्तांचा उपयोग लोक फक्त वैयक्तिक तक्रारींसाठी करतात. कलम ८० नुसार, कुठलाही कायदा वा धोरण २०१६ च्या अधिनियमाशी विसंगत असेल तर ते हेरून दुरुस्ती सुचवणे हेही त्यांचे काम आहे. एखाद्याचे हक्क डावलल्याच्या प्रकरणात त्यांनी शिफारस केली तर कलम ८१ नुसार संबंधित प्राधिकरणाला कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणेही द्यावी लागतात. आयुक्तांची शिफारस जोडलेले निवेदन आणि नुसते निवेदन यांत मोठा फरक आहे.

७. आमदार: कोण, केव्हा, कशासाठी

मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ. तुमच्या मतदारसंघाचा आमदार पहिला, पण तेवढ्यावर थांबू नका. मुंबई पदवीधर आणि मुंबई शिक्षक मतदारसंघाचे सदस्य विधान परिषदेत असतात, आणि परिषदेत बोलायला वेळ तुलनेने बरा मिळतो. सत्ताधारी एक आणि विरोधी एक, अशी जोडी करा. एकाच पक्षाचा विषय झाला की दुसरा पक्ष सवयीनेच विरोध करतो.

आमदाराकडे जाताना तयार आयुध घेऊन जा:

तारांकित प्रश्न. तोंडी उत्तर, उपप्रश्न विचारता येतात. सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर 'साहेब, प्रश्न लावा' म्हणणे व्यर्थ. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आकडे काढायला ते चांगले.

लक्षवेधी सूचना. ताज्या, तातडीच्या घटनेवर. मंत्र्यांना निवेदन करावे लागते. मंत्री 'तपासून निर्णय घेऊ' म्हणाले की ते कार्यवृत्तातून उतरवून ठेवा. सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी स्वतंत्र आश्वासन समिती आहे, आणि ती अधिकाऱ्यांना बोलावते.

अशासकीय विधेयक. मंत्री नसलेला सदस्यही विधेयक मांडू शकतो. ते मंजूर होणे दुर्मीळ, पण छापील विधेयक तयार होते आणि शासनाला त्यावर भूमिका घ्यावी लागते. 'आम्ही स्वतःच आणतो, तुम्ही मागे घ्या' असे मंत्री म्हणाले तर तो पराभव समजू नका. तारीख मात्र मागा.

वेळापत्रकही लक्षात ठेवा. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. डिसेंबरमध्ये मंत्री आणि सचिव नागपूरला असतात. त्या दिवसांत मंत्रालयात खेपा घालू नका. भेटीगाठींचा खरा काळ दोन अधिवेशनांच्या मधला.

आझाद मैदानावर धरणे धरायचे असेल तर पोलिसांची परवानगी आधी काढा, आणि व्हीलचेअर जाईल अशा शौचालयाची सोय तुम्हालाच करावी लागेल असे धरून चला.

८. बैठक सर्वांना जमेल अशी

कर्णबधिर सहकारी असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषी आधीच ठरवा. मंत्रालय तो देईल या भरवशावर राहू नका. अंध सहकाऱ्यांना स्कॅन केलेली पीडीएफ पाठवू नका, मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात फक्त चित्र दिसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूरही वाचकयंत्राला निरर्थक अक्षरे वाटतो. युनिकोड मराठीतली वर्ड फाइल सर्वांत सुरक्षित. बौद्धिक दिव्यांग सहकाऱ्यांसाठी मसुद्याची सोप्या मराठीतली एक पानाची प्रत करा. ती आमदारांनाही आवडते, हा अनपेक्षित फायदा.

९. विधेयक आले की डोळ्यांत तेल

पुरःस्थापित, म्हणजे सभागृहात मांडलेल्या, विधेयकाची प्रत मिळताच तीन ठिकाणे पाहा: उद्देश व कारणे यांचे निवेदन, व्याख्यांचे कलम आणि 'देईल / देता येईल'. व्याख्येत '४० टक्क्यांहून कमी नसलेले दिव्यांगत्व' घुसवले तर ३५ टक्केवाला बाहेर पडतो. आरक्षणासाठी ती अट समजू शकते. पायऱ्या चढता न येण्याला तिचा काय संबंध?

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले तर ती चांगली बातमी असते. तिथे लोकांच्या सूचना मागवल्या जाऊ शकतात, आणि खंडांवर (विधेयकातल्या कलमांवर) शांतपणे बोलणे होते. सूचना पाठवताना खंड क्रमांक, आहे तो शब्द, हवा तो शब्द, एवढेच लिहा. एकाच मजकुराची हजार पत्रे एकच सूचना म्हणून गणली जातात. दहा वेगळ्या, नेमक्या दुरुस्त्या जास्त कामाच्या.

समितीकडे न जाता विधेयक थेट चर्चेला आले तर वेळ तासांत मोजायचा. दुरुस्ती सुचवणाऱ्या आमदाराच्या हातात ती टंकलिखित असायला हवी, फोनवर सांगून चालत नाही.

१०. मंजूर झाले, पण लागू झाले का?

दोन्ही सभागृहे, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. त्यानंतरही पहिले कलम वाचा. 'शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नेमून देईल अशा दिनांकास अंमलात येईल' असे असेल तर ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा कपाटात. नियमांचेही तसेच. नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला तर त्याची मुदत वहीत लिहून ठेवा. अर्जाचा नमुना, दाद मागायची मुदत, शुल्क हे सगळे तिथेच ठरते.

२०१६ च्या केंद्रीय कायद्याचेच पाहा. सुगम्यतेच्या मानकांबाबतचा नियम १५(१) बंधनकारक नसून शिफारसवजा आहे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो ८ नोव्हेंबर २०२४ रोजी रद्दबातल ठरवला आणि बंधनकारक नियम करायला तीन महिने दिले. अधिनियम येऊन तोवर आठ वर्षे होत आली होती.

तेव्हा राजपत्रात नाव झळकल्यावर दोन महिन्यांनी सहकार विभागाला १५० शब्दांच्या आतला आणखी एक अर्ज करा: कलम अंमलात आणणाऱ्या अधिसूचनेची प्रत, नियमांच्या मसुद्याची सद्यस्थिती, आणि उपनिबंधकांना पाठवलेल्या परिपत्रकाची प्रत. तिसरी वस्तू मिळाली नाही, तर वॉर्डातल्या उपनिबंधकाच्या टेबलावर हा कायदा अजून पोचलेला नाही. मग राजपत्राची प्रत घेऊन तिथे तुम्हीच जा, आणि आवक क्रमांक घ्या.